‘रोगप्रतिकारशक्ती वाढवा’ असं मुलांना शिकवू नका



आज एका शब्दाबद्दल लिहायचं आहे. शब्द साधाच आहे : ‘वाढवा’. रोगप्रतिकारशक्ती वाढवा. शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यावर तो आहे, आरोग्य सप्ताहाच्या घोषणांमध्ये आहे, मुलांच्या निबंधात आहे आणि मेडिकलच्या दुकानातल्या डब्यांवर तर आहेच. २०२० सालच्या करोनानंतर तो इतका रुळला की पाचवीतलं मूलसुद्धा ‘इम्युनिटी वाढते’ असं बिनधास्त लिहून देतं आणि आपण लाल पेनाने बरोबरची खूण करतो.

माझं मत असं आहे की हा शब्द दिशाभूल करतो. आणि आपण विदर्भातल्या शिक्षकांनी तरी तो वर्गात वापरू नये. कारण आपल्या भागात सिकलसेल आहे. हा आजार असलेलं मूल तुमच्या वर्गात बसलेलं असू शकतं. त्या मुलासाठी ‘वाढवा’ हा सल्ला नुसता अपुरा नाही, तो त्याच्या पालकांना चुकीच्या दुकानात नेऊ शकतो.

हे पटवून देण्यासाठी मी शरीरातल्या एका छोट्याशा पेशीची गोष्ट सांगणार आहे. विषय थोडा वरच्या वर्गाचा वाटेल, पण बटाटा आणि खराट्याच्या काड्या घेऊन तो आपल्याला समजेल. चला तर मग.

आधी ओळखपत्र बघा

मुलांना आपापलं शाळेचं ओळखपत्र काढायला सांगा. त्यावर रक्तगट लिहिलेला असतो : ए, बी, एबी किंवा ओ. हा गट ठरतो कशावरून? तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. ओ गटाच्या साखळीच्या टोकाला एक विशिष्ट साखर जोडली की ए गट होतो, दुसरी जोडली की बी गट. एवढ्याशा फरकामुळे चुकीचं रक्त चढवलं तर माणसाचा जीव जाऊ शकतो. म्हणजे शरीर साखरेचा एक कण सुद्धा किती बारकाईने ओळखतं ते बघा.

या साखळ्यांपैकी काही प्रथिनांना जोडलेल्या असतात, तर काही स्निग्ध पदार्थांना. साखर जोडलेल्या स्निग्ध पदार्थाला ग्लायकोलिपिड म्हणतात. ‘ग्लायको’ म्हणजे साखरेशी संबंधित आणि ‘लिपिड’ म्हणजे स्निग्ध पदार्थ.

स्निग्ध पदार्थ म्हटलं की आपण फळ्यावर तेल, तूप, लोणी लिहितो आणि पुढे ‘ऊर्जा देतात’ असं लिहून मोकळे होतो. ते खरंच आहे. पण प्रत्येक पेशीचं आवरण सुद्धा मुख्यतः स्निग्ध पदार्थांचंच असतं. जिवाणूंचंही असतं. क्षयरोग आणि कुष्ठरोग यांच्या जिवाणूंचं आवरण तर या पदार्थांनी खच्चून भरलेलं असतं. वरोऱ्याच्या आनंदवनामुळे कुष्ठरोग हे नाव आपल्या विदर्भाला नवीन नाही. अशा जिवाणूला ओळखायचं असेल तर शरीराला स्निग्ध पदार्थ ‘वाचता’ यायला हवेत.

टी पेशी काय वाचतात?

पांढऱ्या पेशींमध्ये टी पेशी नावाचा एक गट असतो. बहुतेक टी पेशी प्रथिनांचे तुकडे वाचतात. शरीरातल्या इतर पेशी हे तुकडे आपल्या पृष्ठभागावर एका ताटलीसारख्या रेणूत मांडून दाखवतात आणि टी पेशी तपासते की हा आपला आहे की परका. बरीच वर्षं असं मानलं जायचं की टी पेशींना फक्त प्रथिनंच वाचता येतात. १९९४ साली दिसलं की क्षयाच्या जिवाणूच्या आवरणातला एक स्निग्ध पदार्थ सुद्धा टी पेशींना दाखवला जातो. तो मांडून दाखवणाऱ्या रेणूंच्या कुटुंबाचं नाव सीडी१.

या कुटुंबातला एक सदस्य म्हणजे सीडी१डी. तो ज्या टी पेशींना स्निग्ध पदार्थ दाखवतो त्यांना नॅचरल किलर टी पेशी, थोडक्यात एनकेटी पेशी म्हणतात. आता बटाटा घ्या.

बटाट्याला वरून शेजारी शेजारी दोन भोकं पाडा. हा झाला सीडी१डी. खराट्याच्या दोन काड्या घ्या, त्यांची वरची टोकं एकत्र करून त्यावर चिकणमातीची गोळी बसवा. हे झालं ग्लायकोलिपिड. काड्या म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या दोन शेपट्या आणि गोळी म्हणजे साखर. आता काड्या भोकांत खोचा. शेपट्या आत लपल्या, गोळी तेवढी वर राहिली. एनकेटी पेशी येते आणि ती गोळी व तिच्या आजूबाजूची बटाट्याची कड एकत्र चाचपून बघते. जुळलं की ती जागी होते.

खऱ्या शरीरात नेमकं असंच घडतं. सीडी१डीमध्ये दोन खोबण्या असतात, त्यांत दोन शेपट्या बसतात आणि साखर बाहेर डोकावते. या तिघांची एकत्र रचना २००७ साली स्फटिकांच्या अभ्यासातून प्रत्यक्ष दिसली.

समुद्रातल्या स्पंजाची गोष्ट

एनकेटी पेशींना सगळ्यात जोरात जागं करणारा पदार्थ कुठे सापडला असेल? समुद्रात! १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या किरिन कंपनीतले संशोधक कर्करोगावर उपयोगी पडेल असं काही शोधत होते. ओकिनावाजवळच्या समुद्रातल्या एका स्पंजातून त्यांना एक ग्लायकोलिपिड मिळालं, ज्याने उंदरांमधल्या गाठींची वाढ रोखली जात होती. त्यावरून तयार केलेल्या पदार्थाला अल्फा-गॅलॅक्टोसिल-सिरॅमाइड म्हणतात. आपण अल्फा-गॅलसर म्हणू. तो काम कसं करतो हे १९९७ मध्ये जपानमधल्याच तानिगुची यांच्या गटाने दाखवलं : सीडी१डी त्याला मांडून दाखवतो आणि एनकेटी पेशी जागी होते.

नावातला ‘अल्फा’ महत्त्वाचा आहे. साखर शेपटीला कोणत्या दिशेने जोडली आहे ते तो सांगतो. आपल्या शरीरातल्या अशा पदार्थांमध्ये ती जवळजवळ नेहमी ‘बीटा’ दिशेने जोडलेली असते. अल्फा जोडणी दिसली की पेशीला काहीतरी परकं आल्याचं कळतं. स्फिंगोमोनास नावाच्या जिवाणूंच्या आवरणात अशीच अल्फा जोडणीची ग्लायकोलिपिडं असतात आणि एनकेटी पेशी ती ओळखतात, हे २००५ मध्ये समजलं. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जिवाणूचं ग्लायकोलिपिड सुद्धा त्या ओळखतात, हे २०११ मध्ये. न्यूमोकोकसचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

या पेशी माणसाच्या रक्तात फार थोड्या असतात. शंभर टी पेशींमध्ये एक सुद्धा सापडेलच असं नाही, बहुतेकांत त्याहून कितीतरी कमी. पण त्या तयारीत असतात. साध्या टी पेशीला पहिल्यांदा कामाला लागायला काही दिवस लागतात, एनकेटी पेशी काही तासांतच रासायनिक निरोप सोडायला लागतात. ते निरोप मिळाले की इतर पेशी धावत सुटतात. शाळेत घंटा वाजवणारा शिपाई एकच असतो, पण त्याच्या एका घंटेवर सगळी शाळा हलते. तसंच.

घंटा कोणती वाजली?

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. एनकेटी पेशी एकच एक निरोप सोडत नाहीत. अल्फा-गॅलसर मिळालं की त्या दोन वेगळ्या प्रकारचे निरोप सोडतात. एक निरोप दाह वाढवून हल्ला तीव्र करतो. दुसरा निरोप वेगळ्याच वाटेने काम करायला लावतो आणि काही प्रकारचा दाह आटोक्यात ठेवतो.

आता बटाट्यातली एक काडी निम्मी कापा आणि परत खोचा. गोळी पूर्वीसारखी घट्ट राहत नाही, हलते. २००१ साली जपानी संशोधकांनी असंच एक आखूड शेपटीचं ग्लायकोलिपिड बनवलं. त्याने एनकेटी पेशींचा कल दुसऱ्या निरोपाकडे झुकला. उंदरांमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूला होणारा, स्वतःच्याच पेशींनी केलेला दाह त्यामुळे रोखला गेला. पेशी तीच, बटाटा तोच, साखर तीच. शेपटी थोडी आखूड झाली आणि निरोप बदलला.

आणखी एक गंमत बघा. उंदराला अल्फा-गॅलसरचा जोरदार डोस दिला की पेशी एकदम पेटून उठतात. पण त्यानंतर परत डोस दिला तर त्या दाद देत नाहीत, बरेच दिवस सुस्त पडून राहतात. म्हणजे जास्त ढकललं की उलटं होतं. कर्करोगाच्या रुग्णांना हा पदार्थ सरळ टोचून बघितला गेला तेव्हाही गाठी विरघळल्याचं चित्र काही दिसलं नाही.

मग सांगा, अशा पेशीची ‘शक्ती वाढवा’ म्हणजे नेमकं काय वाढवा? पहिला निरोप की दुसरा? किती वेळ? कोणत्या अवयवात? ‘वाढवा’ या शब्दात यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही.

आता आपल्या नागपुरात या

सिकलसेल आजारात तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनमध्ये एक लहानसा बदल झालेला असतो. प्राणवायू कमी पडला की या पेशी वाकून विळ्यासारख्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडं, छाती, पोट असह्य दुखतं. भारतात हा दोष १९५२ मध्ये निलगिरीच्या भागात नोंदवला गेला. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, आणि तेव्हापासून नागपूरचं नाव या आजाराशी जोडलं गेलं. रुग्ण आणि पालकांना एकत्र आणण्याचं काम इथूनच संपत रामटेके यांनी केलं. त्यांना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आता हे आणि एनकेटी पेशी यांचा संबंध काय? २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सिकलसेल असलेल्या उंदरांची फुप्फुसं तपासली. तिथे एनकेटी पेशी जास्त होत्या आणि जाग्या होत्या. रक्तपुरवठा अडतो, परत सुरू होतो, त्या धक्क्याने त्या पेटतात आणि फुप्फुसात दाह वाढवतात. सीडी१डीला झाकणारं प्रतिपिंड दिलं, म्हणजे बटाट्यावर हात ठेवला, तेव्हा दाह कमी झाला. सिकलसेलच्या रुग्णांच्या रक्तातही या पेशी नेहमीपेक्षा जास्त जाग्या दिसल्या. पुढे या पेशींना शांत करणारं एक औषध दुखण्याच्या काळात रुग्णांना देऊन पाहिलं. २०१७ मध्ये त्या चाचणीचे निकाल आले, फायदा दिसला नाही. म्हणजे उपचार अजून हातात आलेला नाही. पण या मुलांच्या शरीरात रोगप्रतिकार यंत्रणेचा हा भाग गरजेपेक्षा जास्त पेटलेला असतो, एवढं तर दिसलंच.

आता दुसरी बाजू बघा. याच मुलांची प्लीहा लहानपणीच खराब होत जाते. रक्तातले काही जिवाणू गाळून काढण्याचं काम प्लीहेचं. ती गेली की न्यूमोकोकससारखा जिवाणू या मुलांच्या जिवावर उठू शकतो. म्हणून लहान वयात पेनिसिलीन आणि न्यूमोकोकसची लस यांचं महत्त्व.

म्हणजे एकाच मुलाच्या शरीरात एका जागी बचाव कमी पडतोय आणि दुसऱ्या जागी तोच अंगावर उलटतोय. ज्या एनकेटी पेशी न्यूमोकोकसचं ग्लायकोलिपिड ओळखतात, त्याच फुप्फुसात दाह वाढवतात. मित्रांनो, या मुलाची रोगप्रतिकारशक्ती वाढवायची की कमी करायची? प्रश्नच चुकीचा आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल.

पालकसभेतला प्रश्न

एकदा पालकसभा संपल्यावर एक आई थांबली. तिचा मुलगा महिन्यातून चार-पाच दिवस गैरहजर असायचा. ती म्हणाली, “सर, याची इम्युनिटी कमी हाय म्हणून याचं अंग दुखते ना? मेडिकलवाल्यानं पावडर सांगतली, आणू का?” डब्याची किंमत तिच्या दोन दिवसांच्या मजुरीएवढी होती. मी तिला म्हटलं, “ताई, पावडरनं हे दुखणं थांबत नाही. डॉक्टरनं दिलेली गोळी चुकवू नका, याला पाणी भरपूर पाजा आणि ताप आला तर वाट न बघता दवाखान्यात न्या.” तिने मान हलवली.

पण मी विचार करत राहिलो की ‘इम्युनिटी कमी’ हे तिच्या डोक्यात आलं कुठून? जाहिरातीतून आलं, हे खरं. पण जाहिरात चालते कारण शब्द ओळखीचा असतो. आणि तो ओळखीचा करण्यात शाळेचा वाटा आहे. आपलाच तक्ता, आपलीच घोषणा. सिकलसेलच्या अनेक मुलांना हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी रोज घ्यावी लागते. ती स्वस्त, साधी, बिनचमकदार. तिच्या शेजारी ‘बूस्टर’चा रंगीत डबा ठेवला तर मोह कुठे होणार ते सांगायला नको.

काही जण म्हणतील...

काही शिक्षक म्हणतील, “अहो सर, प्राथमिकच्या मुलांना एवढं कशाला? पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, चांगलं खा, खेळा, हात धुवा, बस.” यात तथ्य आहे. चांगलं खाणं, झोप, स्वच्छ हात, लस हे सगळं शिकवायलाच हवं. सैनिकाची उपमा सुद्धा मी पूर्ण टाकून द्या म्हणत नाही. पण ती अर्धीच शिकवली जाते. चांगला सैनिक आधी ओळख पटवतो, हुकूम ऐकतो आणि काम झालं की थांबतो. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक याच ‘थांबवण्या’वरच्या कामाला मिळालं : रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्या शरीरावर हल्ला करण्यापासून कशी रोखली जाते, या शोधाला. थांबणं हा सुद्धा आरोग्याचाच भाग आहे, हे पाचवीच्या मुलाला नक्की समजतं. मैदानावर तो हे रोज शिकत असतो.

आणि लस? ती काही सगळी शक्ती सरसकट वाढवत नाही. ती एका ठरावीक जिवाणूची किंवा विषाणूची ओळख करून देते. न्यूमोकोकसची पीसीव्ही लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते. ‘लस म्हणजे ओळख परेड’ असं सांगा, मुलं विसरत नाहीत.

मग वर्गात काय करायचं?

१) तक्त्यावरचा ‘वाढवा’ शब्द बदला. ‘रोगप्रतिकारशक्ती सांभाळा’ असं लिहा. एक शब्द बदलायला एक खडू पुरतो.

२) बटाटा आणि काड्यांचा प्रयोग करा. सातवीपर्यंतच्या कोणत्याही वर्गात वीस मिनिटांत होतो. शेवटी विचारा : काडी आखूड केली तर काय बदललं?

३) वर्गात सिकलसेलचं मूल असेल तर त्याला पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या आणि लघवीला जायला अडवू नका. उन्हात उभं करू नका, हिवाळ्यात स्वेटर आहे का बघा. खेळू द्या, पण दमलं की बसू द्या. दुखण्यामुळे पडलेल्या गैरहजेरीला आळस म्हणू नका.

४) ताप आला, छातीत दुखलं, धाप लागली तर शाळा सुटायची वाट बघू नका. लगेच पालकांना बोलवा आणि दवाखान्यात पाठवा.

५) मुलाचा आजार चारचौघांत जाहीर करू नका. कोणत्याही जातीचं किंवा जमातीचं नाव घेऊन हा आजार शिकवू नका.

६) तपासणीची माहिती द्या. आधी सोल्युबिलिटी चाचणी, मग इलेक्ट्रोफोरेसिस. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, पण आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. जागतिक सिकलसेल दिन १९ जूनला असतो आणि तेव्हा आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे अजून उघडलेल्या नसतात. म्हणून शाळा सुरू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात हा कार्यक्रम घ्या.

एक साखर, दोन शेपट्या, दोन खोबण्या. एवढ्याशा गोष्टीवरून शरीर ठरवतं की घंटा वाजवायची की नाही, आणि वाजवायची तर कोणती. अशा यंत्रणेला ‘वाढ, अजून वाढ’ असं ओरडून काही मिळत नाही. ज्या मुलाच्या शरीरात ती आधीच पेटलेली आहे, त्याला तर नाहीच नाही.

उद्या शाळेत गेलात की आरोग्याच्या तक्त्यासमोर एकदा उभे राहा आणि तो शब्द शोधा. सापडला तर काय लिहायचं ते आता तुम्हाला माहीत आहे. तुमच्या वर्गात बटाट्याचा प्रयोग कसा झाला, मुलांनी कोणते प्रश्न विचारले, ते मला जरूर कळवा.